गराडे मास्तर आणि शेगडीची मोटार

रविवारी सकाळी बोरघाट चढून मुंबईच्या मोटारी खंडाळ्यावर यायच्या त्या फसफसतच. बॉनेटमधून वाफ, आत बसलेल्या शेठजींच्या कपाळावर घाम, आणि रेडिएटरचं टोपण उघडावं की नको या विवंचनेत हातात फडकं घेऊन उभा राहिलेला ड्रायव्हर. अशा वेळी रस्त्याकडेच्या जांभळीखालून एक उंच, काटकुळे गृहस्थ लगबगीने पुढे यायचे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर काळी टोपी, अंगात कोपरावर विरलेला कोट, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात तांब्या.

"थांबा, थांबा! एकदम गार पाणी ओतू नका, तडकेल. तिला जरा दम खाऊ द्या."

हे आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर, दाजीबा गराडे. मोटारीला पाणी पाजायचं आणि त्या बदल्यात बॉनेटखाली पाच मिनिटं डोकं घालून बघायचं, एवढाच त्यांचा सौदा. पैसे पुढे केले तर ते असे चमकून बघत की देणाराच ओशाळा होई. पाच मिनिटांची पंधरा होत. आतून त्यांचा आवाज येई, "वा! अरे वा! ही नळी इकडून नेली आहे होय!" दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलेला माणूस जसा प्रत्येक पदार्थाला दाद देतो, तशी ते दुसऱ्याच्या मोटारीला दाद देत.

मी लोणावळ्यात एकंदर दोन वर्षं होतो, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. शाळेत इतिहास शिकवायचो आणि गराडे मास्तरांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. यंत्रांशी माझा संबंध घड्याळाला किल्ली देण्यापुरता, आणि हाताला तेल लागलं की मला शिसारी येते. अशा माणसाला शेजार कोणाचा मिळावा! सकाळी दार उघडावं तर पायरीवर स्टोव्हचा बर्नर वाळत घातलेला. संध्याकाळी दिवा लावावा तर मास्तर दारात उभे. "अहो कुलकर्णी, एक क्षणभर या. क्षणभरच. असं काही दाखवतो की बस!" तो क्षण तासाभराखाली कधीच संपला नाही. मी कुरकुरत जायचो हे खरं, पण जायचो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी बघून घ्या, मग हात लावा." चित्रकलेच्या वर्गात हेच, शिवणयंत्र उघडताना हेच, आणि एकदा माझ्या घरी पिठलं करताना माझी तारांबळ उडाली तेव्हाही हेच. बघून घ्या म्हणजे काढून घ्या. कोणतीही वस्तू कागदावर काढल्याशिवाय ती आपल्याला दिसलेलीच नसते, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे मुलांच्या वह्यांत कमळं आणि पोपट कमी, आणि कुलपं, रहाट, चरक, पंपच जास्त. एकदा पुण्याहून तपासनीस साहेब आले. त्यांनी मुलांना आंबा काढायला सांगितला. अर्ध्या वर्गाने आंबा उभा चिरून दाखवला, कोय कुठे बसते ते ठिपक्यांनी काढलं आणि देठापासून रस कसा खाली जातो त्याचे बाण काढले. साहेबांनी चष्मा वर केला. "मास्तर, हा आंबा आहे की पंप?" गराडे मास्तर अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, झाडाला विचारलं तर ते काय म्हणेल?" शेऱ्याच्या वहीत साहेबांनी काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी आम्हांला कधी दाखवलं नाही.

आणखी एक. एका रविवारी मुंबईच्या एका शेठजींच्या गाडीला पाणी पाजून झाल्यावर मास्तर त्यांना म्हणाले, "पंख्याचा पट्टा वडगावच्या पुढे जाणार नाही. चीर गेली आहे." ड्रायव्हर फिसकन हसला. आठवड्याने शेठजींचं पोस्टकार्ड आलं, पट्टा वडगावच्या कचेरीसमोरच तुटला म्हणून. मास्तर ते कार्ड महिनाभर कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरत होते. मला त्यांनी ते चार वेळा वाचून दाखवलं, आणि चारही वेळा 'कचेरीसमोरच' या शब्दावर बोट ठेवलं.

पण गावात त्यांची ख्याती निराळी. मास्तरांनी काहीही उघडून परत जोडलं की एखादा स्क्रू उरतोच, असं बाजारात म्हणत. ते खोटंही नव्हतं. शाळेचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलं, ते उत्तम चालायला लागलं, आणि दोन चाकं उरली. "बनवणाऱ्याने जास्तीची घातली होती," असं मास्तर म्हणाले. त्यामुळे घाटावर पाणी पाजण्यापुरते ठीक, पण अख्खी मोटार त्यांच्या हवाली करायला लोणावळ्यात कोणी तयार नव्हतं. हे त्यांना लागायचं. बोलून दाखवत नसत, पण लागायचं.

मग मुजुमदार डॉक्टरांच्या शेगडीचं प्रकरण झालं.

मुजुमदार डॉक्टर साठीचे, बोलायला फटकळ. दर गुरुवारी स्वतःच्या मोटारीने कामशेतवरून बेडशाकडे जायचे आणि वाटेतल्या गावांतले रोगी तपासायचे. त्या बाजूला दुसरा डॉक्टर नव्हता. मोटार होती दोन दारांची, परदेशी, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली. तिच्यात एक अजब सोय होती. पुढच्या फळीखाली एक पेटी, तिच्यात बारीक नळ्यांची तळहाताएवढी जाळी. इंजिनातलं कढत पाणी त्या जाळीतून फिरायचं, मागचा छोटा पंखा फुंकर घालायचा, आणि ऊन हवा पायांवर आणि समोरच्या काचेवर यायची. गावाने गाडीचं नाव ठेवलं 'शेगडीची मोटार'. आपल्याकडे शेगडी कशाला, असं मीही म्हणायचो. पण आषाढ-श्रावणात लोणावळ्याचं धुकं घरात शिरतं, खुंटीवरच्या कोटाला बुरशी येते आणि मोटारीची काच आतून अशी धुरकटते की ड्रायव्हरला स्वतःचा हात दिसू नये. तिथे ती शेगडी काच पुसायचं काम करायची.

त्या वर्षी ती जाळी फुटली. काच पुसायची सोडून शेगडीच वाफ सोडू लागली. डॉक्टरांचा ड्रायव्हर सैन्यात गेलेला, गाडी तेच चालवायचे, एका हातात चाक आणि दुसऱ्या हातात पंचा. वळवणजवळ एका बैलगाडीला ते धडकता धडकता वाचले. पुण्याच्या कारखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, लढाईमुळे सुटे भाग येत नाहीत, शेगडी काढून टाका. डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आता पुरे. काच दिसत नाही तर मी कोणाचा तरी जीव घेईन. पुढचा गुरुवार शेवटचा. बेडशाकडची फेरी बंद."

बेडसे हे गराडे मास्तरांचं आजोळ. त्यांच्याजवळ राहणारी कोंडामावशी तिथलीच. मास्तर शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गेले ते टोपी हातात घेऊन. मी बरोबर होतो, कारण त्यांनी मला 'क्षणभर' बोलावलं होतं.

"डॉक्टरसाहेब, गाडी मला द्या. बुधवारपर्यंत जाळी बदलून देतो."

"तुम्ही? स्क्रू किती उरवाल?"

मास्तरांचा चेहरा उतरला. पण ते हलले नाहीत. "एक जरी उरला," ते म्हणाले, "तरी फेरी बंद करा."

डॉक्टरांनी किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर मास्तरांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

गाडी ढकलत आणून त्यांच्या गोठ्यापुढच्या पडवीत उभी केली. आणि मग त्यांची कामाची रीत मी पहिल्यांदा जवळून पाहिली. मावशींचा रांगोळीचा डबा त्यांनी मागून घेतला. पहिला नट सोडवला, सारवलेल्या जमिनीवर ठेवला, आणि त्याच्या कडेने रांगोळीची बारीक रेघ ओढली. दुसरा सोडवला, तो पहिल्याच्या उजवीकडे, कारण गाडीतही तो उजवीकडेच होता. संध्याकाळपर्यंत पडवीभर शेगडीचं चित्र पसरलं. पेटी, पंखा, नळ्या, पट्ट्या, तीस-पस्तीस नट-स्क्रू, प्रत्येक आपापल्या पांढऱ्या रेघेच्या घरात. मधून चालायला एक पाऊलवाट ठेवलेली. मला तेलाची शिसारी येते, हे मी त्या दिवशी विसरलो. इतकं सुरेख दिसत होतं ते.

फुटकी जाळी बाहेर आली तेव्हा तिच्यातून पिवळा, चिकट लगदा गळला. मास्तरांनी बोटावर घेऊन पाहिला. मावशींनी लांबूनच नाक वर केलं.

"आरं दाजीबा, ही तर आंबील हाय! हळद घातल्याली!"

आम्ही हसलो. पण मावशींचं नाक कधी चुकत नसे. मास्तर तडक दवाखान्यात गेले. डॉक्टर तेव्हा एका शेतकऱ्याला झाडत होते, जखमेत हळद का भरलीस म्हणून. तो गेल्यावर मास्तरांनी हळूच विचारलं, "साहेब, रेडिएटरमध्ये काही घातलं होतं का?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. "ड्रायव्हर म्हणाला होता. गळती बुजते म्हणून. नाचणीचं पीठ... आणि थोडी हळद."

"थोडी?"

"मूठभर," डॉक्टर म्हणाले. "मीच घातली. हे बाहेर बोलू नका." आजवर मी बोललो नव्हतो.

शनिवारी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून अख्खं इंजिन धुतलं. नवी जाळी कुठून आणायची हा प्रश्न होता. मास्तरांना लोणावळ्यातल्या प्रत्येक मेलेल्या मोटारीचा पत्ता ठाऊक होता. तुंगार्लीच्या वाटेवरल्या एका बंगल्याच्या माळ्याने जुन्या गाडीच्या सांगाड्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. तिचा मोठा रेडिएटर पुढून शाबूत होता. कोंबड्यांच्या कलकलाटात आम्ही तो काढून आणला. त्यातला एक चांगला तुकडा हिशेबाने कापला, वर-खाली बसवायच्या टाक्या मावशींच्या पितळी डब्यातून कापल्या, आणि बाजारातल्या कल्हईवाल्याच्या भट्टीवर डाग दिले. कल्हईवाला आधी म्हणाला, "मास्तर, हे माझं काम नाही, मी भांडी करतो." मास्तरांनी त्याला आपली चित्रं दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे तर भांडंच आहे. फक्त भोकं फार." मग नवसागराचा धूर उठला आणि दोघेही तहानभूक विसरून कामाला लागले.

गळती तपासायची युक्ती मास्तरांचीच. एका नळीला बूच, दुसरीला सायकलचा पंप, आणि जाळी घंगाळात बुडवायची. पंप मारायचं काम माझ्याकडे. पहिल्या खेपेला इतके बुडबुडे आले की घंगाळ उकळतंय असं वाटावं. डाग देऊन दुसरी खेप, पाच बुडबुडे. तिसरी खेप, एकच, तोही रेंगाळत वर येणारा. सोमवारी संध्याकाळी चौथी खेप. मी पंप मारतोय, मास्तर पाण्याला नाक लावून बसलेत, मावशी दारात, कल्हईवाला कमरेवर हात ठेवून उभा. पाणी आरशासारखं स्थिर. मास्तरांनी मान वर केली. टोपी पाण्यात पडली होती ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "न्हाई! येक बी न्हाई!" एरवी ते माझ्याशी शुद्ध पुस्तकी बोलत. फार आनंद झाला की मावळ असा बाहेर यायचा.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. मी सकाळी बाहेर आलो आणि जागीच थिजलो. पडवी लख्ख सारवलेली होती. ओल्या शेणाचा वास, एका कोपऱ्यात गंधाने काढलेला नागोबा, त्याच्यापुढे लाह्या आणि दूध. सगळी पांढरी घरं पार पुसली गेली होती. भिंतीशी एक सूप, आणि त्यात चिंचेने घासून लखलखीत केलेले सगळे नट-स्क्रू, गव्हासारखे पाखडून एकत्र.

"सणाच्या दिशी घर तसंच ठिवायचं व्हय?" मावशी म्हणाल्या. "लय काळं झालतं ते. समदं येचून ठिवलंय, येक बी हरवलं न्हाई."

मास्तर सुपाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. मी असतो तर ओरडलोच असतो. त्यांनी खाली वाकून सूप उचललं, थोडं हलवलं, आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "मी खरंच बघितलं होतं की नाही, ते आता कळेल!"

पाना हातात घेतला तर मावशी आडव्या आल्या. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. पाना फिरवणं यातल्या कशातच बसत नाही, असा मास्तरांचा युक्तिवाद. "लोखंड त्ये लोखंड," मावशी म्हणाल्या आणि विषय संपला. पूर्ण एक दिवस हातचा गेला. मास्तर पाटावर बसले, समोर कागद पसरला, आणि डोळे मिटून आठवून आठवून शेगडी काढू लागले. एकेक नट सुपातून उचलायचा, चिमटीत फिरवायचा, आटे नखाने मोजायचे आणि कागदावर त्याच्या जागी ठेवायचा. दुपारी पुरणाची दिंडं खायला उठले तेवढेच. संध्याकाळी कागदावर सगळं जागच्या जागी होतं, आणि तो कागद त्यांनी तसाच सुपात ठेवला.

बुधवारी पहाटेपासून जोडणी. दुपारी चारला शेगडी फळीखाली घट्ट बसली, नळ्या आवळल्या. मास्तरांनी अंग ताठ केलं, आणि सुपात बघितलं. मसुराएवढी एक पितळी चकती, मध्ये आटे, तिथे पडलेली होती.

बाजार काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "एक उरला," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता."

"फेकून द्या," मी म्हणालो. माझ्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी दिलेला हा सर्वांत वाईट सल्ला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाना उचलला आणि सगळं पुन्हा उघडायला घेतलं. शेगडी पुन्हा खाली आली. प्रत्येक भोकात ती चकती लावून पाहिली. कुठे मोठी, कुठे छोटी. दिवे लागायची वेळ झाली. मास्तर जमिनीवर बसले होते, हातात ती चकती, आणि माझ्या आयुष्यात मी इतका हरलेला माणूस पाहिला नव्हता. मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कोंडामावशी चहा घेऊन आल्या. एका हातात कप, दुसरा हात कानाच्या पाळीवर. "दाजीबा, सकाळधरनं माज्या कुडीची फिरकी कुटं पडली कोण जाणं. हितं झाडताना पडली का काय..." आणि त्या थांबल्या. मास्तरांच्या तळहाताकडे पाहिलं. "आरं, ही काय! हिला कशापायी घिऊन बसलायस?"

मास्तर उठले. त्यांनी मावशींचा कान धरला, फिरकी कुडीच्या मळसूत्राला लावली आणि फिरवली. ती गपकन बसली. मग ते असे हसले की गोठ्यातली गाय उभी राहिली. "बसली! कुलकर्णी, जागेवर बसली!" मावशी ओरडत होत्या, "कान सोड मुडद्या, चहा सांडंल!" त्यानंतर शेगडी पुन्हा जोडायला त्यांना दोन तास लागले, आणि ते सगळा वेळ शीळ घालत होते.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आले. सूप रिकामं आहे हे मास्तरांनी त्यांना उपडं करून दाखवलं. डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. मला साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, म्हणून मलाही गाडीत घेतलं. मी मागे औषधांच्या पेटीशेजारी, मास्तर पुढे डॉक्टरांच्या बाजूला. गाडी सुरू झाली तेव्हा मास्तर मागे वळून मला हळूच म्हणाले, "चालत्या मोटारीत मी आजच पहिल्यांदा बसतोय." मला खरंच वाटेना.

वळवणला धुकं इतकं दाट होतं की बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. तिघांच्या श्वासाने काच भराभर धुरकटू लागली. डॉक्टरांचा हात पंचाकडे गेला.

"साहेब, नको," मास्तर म्हणाले. "तिला एक मिनिट द्या." आणि त्यांनी बटण ओढलं.

पंखा गुणगुणला. आधी हळदीचा पुसट वास आला. मग पायांना ऊब लागली. काच तशीच. डॉक्टरांनी वेग कमी केला. मास्तर सीटच्या कडेवर आले होते, काचेकडे असे बघत होते की श्वास घ्यायचा विसरले असावेत. मग काचेच्या तळाशी, अगदी कडेला, एक स्वच्छ पट्टी उमटली. बोटभर. दोन बोटं. ती वर चढायला लागली. झाडांचे बुंधे दिसले, मैलाचा दगड दिसला, आणि लांब समोर एक बैलगाडी दिसली, बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेसकट.

"दिसली!" मास्तर ओरडले. "साहेब, गाडी दिसली!"

"मला डोळे आहेत," डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी पंचा मागे माझ्या अंगावर भिरकावला. बेडशापर्यंत तो त्यांना लागला नाही. मी तर मागे बसून मुलासारखा टाळ्या वाजवत होतो.

बेडशात पोहोचलो तेव्हा उघडीप होती. चांगलं तास-दीड तास ऊन पडलेलं, देवळापुढची मोकळी जागा वाळलेली. गाडी तिथे उभी केली. डॉक्टर देवळाच्या ओट्यावर बसून रोगी तपासू लागले. मास्तरांच्या मामेभावांनी गाडीला गराडा घातला आणि मास्तरांनी त्यांना शेगडी समजावून सांगितली, अर्थात काठीने जमिनीवर चित्र काढून. फेरीचं पुढे काय, ते मात्र डॉक्टरांनी अजून तोंडातून काढलं नव्हतं. मास्तर मधूनमधून ओट्याकडे बघत होते. मीही.

दुपारी आभाळ पुन्हा भरून आलं आणि धो धो सुरुवात झाली. निघता निघता एक तरुण बाई पदराखाली तान्हं घेऊन आली, सोबत तिचा सासरा. पोर घरघरत होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली.

"याला इथे ठेवून चालणार नाही. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ताच."

"आन् एवड्या पावसात कसं जायाचं साहेब?" सासरा म्हणाला. "पोराला गारठा बाधंल."

"गाडीत गारठा नाही," डॉक्टर म्हणाले. "चार दिवस माझ्याकडे राहील. मग घरी घेऊन या. पुढच्या गुरुवारी मी फेरीला येईन तेव्हा पुन्हा बघेन त्याला."

मास्तर पेटी उचलत होते. तिथेच थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी 'गुरुवारी' असे नुसते ओठ हलवले. मग पेटी मागे ठेवली, पुढचं दार उघडलं आणि त्या बाईला म्हणाले, "बस पोरी, हितं पुढं बस. पाय म्होरं कर. तितनं ऊन हवा येती, पोराच्या अंगावर घे." सासऱ्याला मागे माझ्याजवळ चढवलं. गाडी भरली. मी उतरायला लागलो तर त्यांनी दार लावून धरलं. "उद्या तुम्हांला गाडी पकडायची आहे. मी कामशेतहून येतो पॅसेंजरने. जा, जा, पोराला घेऊन जा!"

दुसऱ्या दिवशी त्यांची पॅसेंजर आणि माझी गाडी यांच्यात आमची चुकामूक झाली, आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या क्षणाचं.

गाडी हलली. मी मागच्या छोट्या काचेवरची वाफ हाताने पुसून पाहिलं. देवळापुढची सगळी जमीन पावसाने भिजली होती, आणि मोटार उभी होती तेवढा एक चौकोन कोरडा राहिला होता. गराडे मास्तर त्या चौकोनाजवळ उकिडवे बसले होते, नाक जवळजवळ मातीला टेकलेलं, पाठीवर पाऊस कोसळतोय. जाळीतून थेंब गळला असता तर त्याचा डाग तिथे दिसला असता, पाऊस तो पुसून टाकायच्या आत. चारी कोपरे त्यांनी पाहिले, मधली जागा पाहिली, तळहात फिरवून पाहिला. मग ते ताडकन उठले, त्या कोरड्या चौकोनात उभे राहिले, आणि दोन्ही हात आभाळाकडे करून आमच्या दिशेने ओरडू लागले. ते काय ओरडत होते, ते मला काच बंद असूनही कळलं.